पिस्तुलाचा जन्मदाखला

पिस्तूल पकडल्याच्या बातमीत त्याच्या दोनच जाती असतात: ‘गावठी’ आणि ‘विदेशी बनावटीचे’. वरच्या जातीत जायला स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या सरकत्या भागावर, ‘मेड इन यूएसए’ एवढे कोरलेले असले की भागते. बिहारातल्या मुंगेरचे कारागीर हा ठसा सर्रास मारतात, हे एव्हाना सगळ्या पोलिसांना ठाऊक आहे. इकडे चोपड्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशातले उमर्टी आहे. तिथली पिस्तुले महाराष्ट्रभर पकडली जातात. आणि उत्तरेचा आग्रा रोड कसारा घाट उतरतो तो थेट शहापुरात. तेव्हा हे ठसे वाचता येणे ही इथे हौशी संग्राहकांची चैन नव्हे.

खरे लष्करी पिस्तूल देशाचे नाव मिरवतेच असे नाही. आपण कोणत्या देशाचे, हे फौजेला हत्यारावर वाचावे लागत नाही! नथुराम गोडसेने २८ जानेवारी १९४८ला ग्वाल्हेरात मिळवलेले पिस्तूल इटलीचे बेरेटा, क्रमांक ६०६८२४. या मॉडेलच्या लष्करी पिस्तुलांवर काय असते? कंपनीचे नाव, ‘९ कोर्तो’ हे काडतूस, १९३४ हे मॉडेल, ‘गार्दोने व्ही. टी.’ हे कारखान्याचे गाव, आणि सालापुढे एक रोमन आकडा. तो आकडा फॅसिस्ट राजवटीच्या वर्षाचा, ऑक्टोबर १९२२पासून मोजलेला. भूदलाच्या पिस्तुलावर ‘आर. ई.’, नौदलाच्या ‘आर. एम.’. इटली हा शब्द नाहीच. ब्रिटिश सरकारी मालावर नुसता बाण असे. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखाली ‘आय’. ‘इंग्लंड’ हा ठसा बहुधा पडे तो हत्यार सैन्यातून निघून परदेशी बाजारात विकायला गेले की. देशाचे नाव ठळक आहे एवढ्यावर हत्यार खरे मानू नये, असे म्हणायला हरकत नाही.

ठसा खरा असला तरी एकट्या ठशाने काम भागत नाही. २६/११च्या हल्ल्यातल्या पिस्तुलांवर पेशावरच्या ‘डायमंड नेडी फ्रंटियर आर्म्स कंपनी’चे नाव होते. भारताने पाकिस्तानला ते कळवले. पण सॅटेलाइट फोन आणि जीपीएसच्या नोंदी जोडून.

म्हणून पंचनाम्यात ‘विदेशी बनावटीचे’ हे मत नको, अक्षरे हवीत. स्लाइडवर काय, फ्रेमवर काय, नळीवर काय, क्रमांक सगळीकडे एकच की वेगळा, हे जसेच्या तसे लिहावे आणि फोटो काढावेत. क्रमांक कानशीने घासलेला असला तरी ‘क्रमांक नाही’ लिहून मोकळे होऊ नये. ठसा मारताना खालचा धातूही दबतो. त्यामुळे आम्ल लावून तो आकडा पुष्कळदा परत उठवता येतो, आणि कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला ही विद्या नवी नाही.

खुणा नीट न वाचण्याच्या या आळसाची दुसरी झळ मात्र भलत्यालाच बसते. मुरबाडकडच्या एखाद्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांच्या वेळची बंदूक असते. पावसाळ्यात नळीला गंज धरतो, मग कोणी हौसेने पॉलिशपेपर घेऊन बसतो आणि गंजाबरोबर आकडाही जातो. शस्त्र कायद्याचे कलम ८ सांगते की ओळखखूण नसलेले शस्त्र विकता वा दुसऱ्याला देता येत नाही. आणि खूण पुसलेली असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, ते शस्त्र बाळगणाऱ्यानेच ती पुसली असे धरले जाते. रानडुकरे हाकणारा माणूस असा आरोपीच्या रांगेत येतो, आणि भट्टीतला गावठी कट्टा मथळ्यात अमेरिकन होतो.

निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या पुष्कळ बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. त्या वेळी पावती फाडणाऱ्याने परवान्यावरचा आकडा उतरवून न घेता नळीवरचा वाचावा. तो पुसट दिसला तर तसे पावतीवर लिहून सही द्यावी, म्हणजे पुढे ठाण्याशी हुज्जत नको, कागदावरच निकाल लागेल.