बिनवाटेचा ट्रॅक पाठवा

मंगळवारी भाच्याचा फोन. "मामा, डिसेंबरात आम्ही घनचक्कर-गवळदेवची धार करतोय. मळलेली वाट सोडून, धारेवरून. तुझ्याकडं ट्रॅक आहे का?"

म्हणजे वाट नको, पण ती नसलेली वाट कुणीतरी आधी चालून, आखून मोबाइलवर पाठवायला हवी. माझ्या गुडघ्यांचं पुराण या सदराच्या वाचकांना पाठ आहे, तेव्हा मी सोबत जाण्याचा प्रश्न नव्हता. पण प्लॅन बघायला मागवला, आणि आठवडाभराची चिडचिड पदरात पडली.

भूगोल थोडक्यात. अकोले तालुक्यात प्रवरा आणि मुळा यांची खोरी वेगळी करणारी ही रांग. घनचक्कर, मुडा, गवळदेव, कात्राबाई. यातली घनचक्कर आणि गवळदेव ही शिखरं दीड हजार मीटरच्या वर आहेत, पण १६४६ मीटरची कळसूबाई जवळच असल्यानं गर्दी सगळी तिकडच्या शिड्यांवर. (घनचक्कर हे शिखराचं नाव आहे. भाच्याच्या ग्रुपचं असतं तरी चाललं असतं.)

प्लॅन एक्सेलमध्ये होता. नकाशावर धारेवरून एक देखणी निळी रेघ. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर असतं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर; कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा पदर. पंधरा मीटरचा सरळसोट कडा त्या दोन रेषांमध्ये सुखानं लपतो, आणि निळी रेघ त्यावरून बिनदिक्कत जाते.

वेळेचा हिशेब त्याहून गोड. तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक, हा नियम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली मांडला. भाच्यानं तो जसाच्या तसा लावला होता. नेस्मिथसाहेबांच्या डोंगरात कारवी नव्हती. पावसाळ्यानंतर डोक्यावर गेलेल्या कारवीत शिरा, मग तासाला किती मैल होतात ते बघू. त्यात घसाऱ्याच्या आडव्या वाटा. पाठीवरची सॅक दर पावलाला कुठंतरी अडकते.

खाण्याचे रकाने भरगच्च: थेपले, सूप, मॅगी, कुणाला कांदा चालत नाही तेही. पाण्याला एकच ओळ, 'वाटेत'. अरे, गडावर टाकी खोदलेली असतात, धारेवर कुणी खोदायची? डिसेंबरात वरची डबकी आटत आलेली, आणि पदरातला झरा गाठायचा म्हणजे कमावलेली उंची घालवायची. माणशी चार लिटर वाहायचं तर ते चार किलो ओझं कुठल्या रकान्यात आहे?

आणि शेवटी, 'वाटाड्या: गरज नाही, पैसे वाचतील'. इथं मी खरा भडकलो. याच पत्रकात बुटांच्या किमती होत्या, त्या इथं छापवत नाहीत. कुमशेत, आंबितचा जो माणूस गुरांमागं या रांगेत वाढला, कुठली नाळ उतरते आणि कुठली कड्यात संपते, आग्या मोहोळ यंदा कुठं लागलंय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दिवसाच्या मजुरीत मात्र आमची मुलं घासाघीस करतात. वर घरी येऊन फोटोखाली लिहितात, 'अनएक्सप्लोर्ड'. त्या माणसाची आजी तिथून लाकडं आणायची.

भाचा म्हणाला, "मामा, पण मग ट्रॅक?"

ट्रॅक माझ्याकडं नाही, आणि असता तरी दिला नसता. या हिवाळ्यात तिकडं जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: रांग हरिश्चंद्रगड-कळसूबाई अभयारण्याच्या परिसरात आहे, आधी वनखात्याला विचारा. शेकोट्या पेटवू नका. वाटाड्याची मजुरी निघण्याआधी ठरवा, तो सांगेल तेवढी द्या, आणि जेवण त्याच्याच घरी सांगा.