विश्लेषण : वाचता येते, पण समजते का?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. मात्र शब्द मोजणे सोपे, अर्थ तपासणे अवघड. त्यामुळे ‘अर्थासह’ हा शब्दच मागे पडण्याचा धोका आहे.

सद्य:स्थिती काय?

‘असर २०२४’ अहवालानुसार, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होते. सुधारणा स्वागतार्हच, पण ही चाचणी मूल ओघाने वाचते का, हे पाहते. वाचलेले किती समजले, हा पुढचा प्रश्न आहे.

अडते कुठे?

‘पावसाने ओढ दिली, म्हणून आबांनी दुबार पेरणी केली.’ हे वाक्य शहरातले मूलही घडाघडा वाचेल. ‘आबांनी काय केले?’ याचे उत्तरही वाक्यातून उचलून देईल. पण ‘पहिल्या पेरणीचे काय झाले?’ असे विचारले, की अडखळेल. ते उत्तर वाक्यात नाही. त्यासाठी शेतीची थोडी माहिती आणि ‘ओढ देणे’ याचा अर्थ ठाऊक हवा. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले: वाचन-आकलन म्हणजे अक्षरओळख आणि भाषेची समज यांचा गुणाकार. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी ही दुसरी बाजू अधिक अवघड ठरते.

मग करायचे काय?

धडा वाचण्याआधी विषयावर गप्पा, नवा शब्द मुलांच्या बोलीतील शब्दाशी जोडणे, शिक्षकांनी रोज एखादी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे, यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेळ लागतो. रिकाम्या जागा आणि एका वाक्यातील उत्तरांपलीकडे ‘का?’ आणि ‘तुला कसे कळले?’ हे प्रश्न रोजच्या तासात आले पाहिजेत. अन्यथा गणितातील शाब्दिक उदाहरण चुकले, की मूल गणितात कच्चे ठरवले जाईल; खरे तर त्याला प्रश्नच कळलेला नसेल. अभियानाचे यश मोजताना घड्याळाबरोबर असा एक तरी प्रश्न असायलाच हवा.