स्वस्त चिप घ्या, पण खोट्या नावाची नको!



आपल्या द्रोणागिरीत रस्त्यावर उभं राहिलं की न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर ट्रेलर दिवसभर दिसतात. म्हणून बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, "सर, एवढा माल येतोय, मग आपण चीनमधून क्लोन मायक्रोकंट्रोलर मागवले तर काय बिघडलं?"

माझं स्पष्ट मत सांगतो. क्लोन वाईट नाही, खोटं नाव वाईट.

गीगाडिव्हाइसची जीडी३२ चिप बघा. एसटीएम३२ च्या जागी बसते, पण विकली जाते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डेटाशीटसह. अशी चिप टेस्ट करून खुशाल वापरा.

आता माझा किस्सा. पंप कंट्रोलरसाठी मी २०० चिप मागवल्या. नगामागे ६० रुपये वाचले, म्हणजे १२,००० रुपये. मी खूश! चिपवर नाव एसटीएम३२ चं, पण प्रोग्रॅमर जोडल्यावर आयडी भलताच आला. मी काय केलं? सॉफ्टवेअरमधलं चेकिंग बंद केलं आणि माल पाठवला. चूक माझीच. पहिल्याच उन्हाळ्यात ३४ कंट्रोलर परत आले. जाणं-येणं आणि नवा बोर्ड धरून प्रत्येकी ६५० रुपये, एकूण २२,१०० गेले. शिवाय दोन जुने डीलर तुटले, त्याचा हिशोब कुठे लिहू?

२०१४ मध्ये तर एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तिच्या यूएसबी चिपच्या नकला कॉम्प्युटरने ओळखणंच बंद केलं. ज्यांनी बोर्ड विकत घेतले, त्यातल्या अनेकांना आत नकली चिप आहे हे माहीतही नव्हतं.

आणि कस्टम्स? २००७ च्या नियमांप्रमाणे ट्रेडमार्कच्या मालकाने नोंद केली असेल, तर नकली माल अडवता येतो. पुरवठादार तिकडे बसतो, आयातदार म्हणून कागदावर नाव तुमचं असतं.

म्हणून माझे चार नियम:

१. आधी १० सॅम्पल. आठवडाभर लोडवर चालवा.
२. बिलावर चिप बनवणाऱ्याचं खरं नाव पाहिजे.
३. हिशोबात कुरिअर आणि १८ टक्के आयजीएसटी धरा.
४. पहिली ऑर्डर तेवढीच द्या, जेवढी बुडाली तरी दुकान चालेल.

चिप बदलता येते हो, गिऱ्हाइकाचा गेलेला विश्वास परत मागवता येत नाही. पुढच्या व्हिडिओत सॅम्पल कसं तपासायचं ते दाखवतो. भेटूया!