पंच्याऐंशी मिनिटांचे कोकण

सकाळी ११.३५ ला मुंबईहून निघायचे आणि दुपारी १ वाजता चिपीच्या धावपट्टीवर उतरायचे! ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला तेव्हाचे हे वेळापत्रक. आधीच्या पिढ्यांनी भाऊच्या धक्क्यावरची बोट आणि रातराणी एसटी पाहिलेली; त्यामुळे लालबाग-परळच्या मालवणी घरांना अडीच हजारांच्या आसपासच्या तिकिटाचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच होते.

पण ही ८५ मिनिटे नीट तपासली पाहिजेत. मुंबई ते चिपी हवाई अंतर जेमतेम ३५० किलोमीटर. या मार्गावरचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे निव्वळ उड्डाण पाऊण तासाचेही नाही. उरलेला वेळ खातो तो मुंबई विमानतळ. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांची रांग लागते. वेळापत्रकात ही रांग आधीच धरलेली असते.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. लालबागहून नऊला निघालेला चाकरमानी विमानतळावरचे सोपस्कार आटोपून, चिपीहून कुडाळपर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटर कापून दोनच्या सुमारास पोहोचणार. पाच तास झाले. जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत दादरहून कणकवलीला सुमारे सहा तासांत नेते (पावसाळ्यात अर्थातच अधिक), आणि पहाटे निघत असल्याने दुपारच्या जेवणाआधी. विमानाने वाचवला तो एक तास, पण कचेरीतले काम करायचे तर दिवस हातचा गेलेलाच. परतीचे विमान तर १.२५ ला, म्हणजे आलेल्याला त्याच दिवशी परतण्याचीही सोय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘उडान’ योजनेची तीन वर्षांची मुदत सरताच अलायन्स एअरची ही सेवा थांबली, यात नवल ते काय?

चिपीपासून सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटरवर, गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. मुंबईहून तो चिपीपेक्षा दूर. पण तिथे जेट विमाने जातात, ती वेगवान, आणि दिवसातून अनेकदा. सावंतवाडी-दोडामार्गच्या प्रवाशाने महाराष्ट्राचा विमानतळ सोडून गोव्यात उतरणे पसंत केले, तर त्याला दोष कसा द्यावा? किती मिनिटांत पोहोचतो, यापेक्षा हवे तेव्हा निघता येते का, हे त्याला महत्त्वाचे.

हे सारे नव्याने मांडायचे कारण म्हणजे नवी मुंबई. तिथला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून निघतो, आणि शिवडी तर परळ-लालबागच्या कुशीतच. टोलचा भुर्दंड आहे. तरी अंधेरीची कोंडी टळते. मुंबईत छोट्या विमानांना सकाळच्या वेळा मिळणे अवघड होते. नव्या धावपट्टीवर त्या मोठ्या शहरांच्या विमानांनी व्यापण्याआधी चिपीसाठी सकाळी एक आणि सायंकाळी एक, अशा दोन वेळा राज्य सरकारने आताच मागून घ्यायला हव्यात. वेळांचे वाटप एकदा झाले की ती जागा परत मिळवणे फार कठीण जाते.