माळ्यावरची आगगाडी

मैत्रिणींनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी दोन प्रश्न निघतात. मुलांना कुठे न्यायचं, आणि माळा कधी आवरायचा? या खेपेला दोन्हींचा धागा एकाच गोष्टीशी येऊन जुळला आहे, म्हणून हा लेख. ती गोष्ट म्हणजे आगगाडी, आणि तीही छोटी.

आमच्या शेजारच्या वहिनी परवा वैतागून म्हणाल्या, "अहो बाई, यांनी पुन्हा एक गाडी मागवली. खेळण्यातली! वय वर्षं सेहेचाळीस. थोरल्याची दहावी, आणि हे रात्री हॉलमध्ये रूळ जोडत बसतात. माझी पेटी मात्र सहा वर्षं माळ्यावर पडून आहे." अशी तक्रार करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. जुन्या इंजिनांची चित्रं, पुठ्ठ्याची तिकिटं, चावीच्या गाड्या जमवणारे पुरुष आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात आहेत. म्हणून आधी हे वेड काय आहे ते समजून घेऊ, मग इलाज बघू.

आपल्या रत्नागिरीकरांना तर गाडीचं कौतुक जरा जास्तच, कारण ती आपल्याकडे फार उशिरा आली. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. कोकण रेल्वेचा सबंध मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. मधली जवळजवळ एकशे पंचेचाळीस वर्षं आपण बोटीवर आणि पुढे एस.टी.वर काढली. माझ्या सासूबाईंना आठवण काढायची म्हटली की बोटीची येते. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढायचं, आणि इथे पडावात उतरून, साडीचा ओचा सावरत किनाऱ्याला लागायचं.

मी शाळेत असताना गाडी आली. जवळच पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा. पाहुणे आले की पूल दाखवायला न्यायचे. पण कोळशाचं इंजिन या मार्गावर रोजच्या वाहतुकीला आलंच नाही. सुरुवातीपासून डिझेल, आणि २०२२ साली सबंध मार्गाचं विजेवरचं काम पुरं झालं. माझ्या वर्गातली पोरं धुरांच्या रेषांचं गाणं तालासुरात म्हणतात, आणि मग एखादा हळूच विचारतो, "बाई, त्या गाडीला आग लागलेली का हो?" आता याला उत्तर द्यायचं तर जुनी गाडी कुठेतरी दाखवायलाच हवी ना?

दाखवायला आपल्या महाराष्ट्रात पहिली आहे माथेरानची राणी. ही गाडी १९०७ साली सुरू झाली. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती मनावर घेऊन बांधली. घरचे सोळा लाख रुपये त्यात घातले, त्या काळचे हं! तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याची रुंदी. एवढ्याशा रुळांवरून ती नेरळहून माथेरानला, एकवीसेक किलोमीटर वळणं घेत, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर चढते. लहान रुळांचं कारण सोपं आहे. अरुंद गाडी डोंगराच्या कडेनं झटकन वळू शकते, त्यामुळे कडा कमी फोडावा लागतो आणि खर्च वाचतो.

या गाडीनं संकटंही पाहिली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरले म्हणून गाडी थांबवली, सबंध मार्ग सुरू व्हायला २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग उखडला, आणि नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. दर वेळी कोणाला तरी वाटलं असणार की आता पुरे. पण मोटारींना बंदी असलेल्या त्या गावाला गाडी हवी होती, पर्यटकांना हवी होती, म्हणून ती परत परत दुरुस्त झाली.

आता याच्या उलट गोष्ट विदर्भातली. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशी शकुंतला नावाची गाडी धावायची. रूळ अडीच फुटी, मूळ मालकी विलायती कंपनीची. कापूस नेण्यासाठी मार्ग घातला, आणि पुढे खेड्यापाड्यांतल्या गरीब माणसांची ती गाडी झाली. १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिनच तिला ओढत होतं. भाडं बसच्या मानानं अगदी कमी. बाजाराला, दवाखान्याला, माहेराला जाणाऱ्या बायकांना एवढं स्वस्त वाहन दुसरं कुठलं? पण रुळांची डागडुजी होत गेली नाही, वेग घटत गेला, आणि अखेर दोन्ही बाजूंची गाडी बंद पडली. तिचे फोटो आज कौतुकानं पाहिले जातात. ते बघताना मला मात्र फलाटावर बोचकं घेऊन बसलेली बाई आठवते. तिला जुन्या काळाचं कौतुक नव्हतं, तिला गावाला पोचायचं होतं.

तिसरी गोष्ट पुण्याची. कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी वर्षानुवर्षं जोपासलेला हा छंद. आपल्या छोट्या गाड्या घरात मांडून ते एकटेच बघत बसले नाहीत. १ एप्रिल १९९८ रोजी ते सगळं लोकांसाठी खुलं झालं. म्हणजे आपल्याकडे कोकण रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी! तिथे एक अख्खं इवलंसं शहर आहे. सिग्नल, पूल, सर्कस, रात्र झाली की लागणारे दिवे, आणि त्यातून धावणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या. अशा गाड्यांचं जगात सगळ्यांत जास्त चालणारं माप म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. त्या हिशेबानं खरा डबा पोळीच्या लाटण्यापेक्षा थोडा आखूड होतो, आणि पाच फुटी बाई शेंगदाण्याएवढी!

या तीन गोष्टींवरून मला एक कळलं ते सांगते. हौस एकट्याची राहिली की तिची अडगळ होते. चार माणसांचा हात लागला की ती टिकते. गाडीचं आणि पेटीचंही तसंच. तेव्हा नवऱ्याची गाडी माळ्यावर टाकू नका, आणि तिला अख्खा हॉलही देऊ नका. संसारासारखी हौसही रुळावर ठेवावी. ती कशी, ते आता बघू.

पहिलं म्हणजे पैसा. महिन्याच्या खर्चातून हौशीची रक्कम आधीच बाजूला काढा, आणि ती दोघांची सारखी असू दे. त्याच्या इंजिनाला जितकी, तितकीच तुमच्या पेटीला, विणकामाला, नाहीतर पुस्तकांना. बायका इथेच मागे सरतात. "मला काही नको" असं म्हणू नका बरं का! एकदा म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

दुसरं, जागा. सुताराकडून चार फूट बाय साडेतीन फूट प्लायवुडचं फळकूट करून घ्या आणि त्याला खालून लहान चाकं लावा. रूळ त्यावर कायमचे बसवले की सगळा पसारा दिवाणाखाली सरकतो. परीक्षेच्या दिवसांत गाडी दिवाणाखाली, आणि रविवारी सकाळी बाहेर, मुलांसकट. पोरं बापाजवळ तासभर बसली की आपल्यालाही तासभर मिळतो.

तिसरं, आपली दमट हवा. खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याचं खेळणं बघता बघता गंजतं. पावसाळ्याआधी गाड्यांतले सेल काढून ठेवा. डबे कोरड्या सुती फडक्यानं पुसा. चाकांच्या आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब पुरे. विजेच्या रुळांना मात्र तेल लावू नका, गाडी अडते. मग सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि चपलांच्या खोक्यात येणाऱ्या दमट शोषणाऱ्या पुड्या आत टाका. या पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

जुनी पुठ्ठ्याची तिकिटं घरात सापडली तर वहीत डिंकानं चिकटवू नका. कागदी पाकिटात ठेवून पाकिटावर पेन्सिलीनं लिहा, कोण, कुठे, कशासाठी गेलं होतं. सासूबाईंना विचारून लिहा, आजच. मागाहून सांगायला कोणी नसतं.

आणि माथेरानला जाणार असाल तर एवढं लक्षात असू द्या. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात गाडी चालते. बाकीच्या दिवसांतही जागा थोड्या, तेव्हा चौकशी करूनच निघा. वळणं फार, म्हणून मुलांना निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. आलेपाकाच्या वड्या आणि एक रिकामी पिशवी पर्समध्ये असू द्या. खिडकीची जागा मात्र या वेळी तुम्ही घ्या. परतल्यावर कसं वाटलं ते जरूर कळवा हं.