विश्लेषण : विमानाच्या पंखामुळाशी असलेले आवरण बदलणे हे किरकोळ काम का नाही?

दुचाकीची फेअरिंग तुटली, तर गाडी वाईट दिसते, पण धावते. घरी बांधलेल्या हलक्या विमानाच्या पंखाच्या मुळाशी असलेले आवरण तडकले, की तेही अनेकांना तसेच वाटते. जुने काढा, नवे बसवा, रंग मारा, झाले! हा समज धोकादायक आहे. हे आवरण विमानाचा भार पेलत नाही हे खरे. पण ते हवेला वाट दाखवते आणि विमानाचे महत्त्वाचे जोड झाकून ठेवते. म्हणूनच ते बदलण्याचे काम म्हणजे दुरुस्तीपेक्षा तपासणी अधिक. ही तपासणी विमान बांधणाऱ्यानेच, पण दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखाली करावी, अशी सुटसुटीत व्यवस्था आपल्याकडे हवी.

हे आवरण नेमके काय करते?

पंख आणि विमानाचे धड जिथे मिळतात तिथे कोपरा तयार होतो. पंखावरून जाणारी आणि धडाला घासून जाणारी हवा या कोपऱ्यात एकमेकींच्या वाटेत येते. पंख धडाच्या खालच्या बाजूला असेल, तर मागच्या कडेकडे जाताना हा कोपरा रुंदावत जातो. तिथे हवेचा वेग मंदावतो, ती पृष्ठभाग सोडते आणि भोवरे होतात. परिणामी इंधन जास्त लागते. विमान कमी वेगात, नाक वर करून उडत असेल, तर हे भोवरे शेपटीवर आदळू शकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे किंवा फायबरग्लासचे वळणदार आवरण हा कोपरा भरून काढते. इंग्रजीत त्याला विंग रूट फेअरिंग म्हणतात.

हा धडा कधी मिळाला?

21 जुलै 1930 रोजी फ्रान्सहून लंडनजवळच्या क्रॉयडनला निघालेले जर्मन बनावटीचे युंकर्स एफ-13 विमान इंग्लंडच्या केंट परगण्यातील मिओफम गावाजवळ हवेतच तुटले. विमानातील सहाही जण मरण पावले. पंखावरून सुटलेली खवळलेली हवा शेपटीला हादरवत राहिली आणि त्यातून शेपटी निकामी झाली, असा निष्कर्ष ब्रिटिश तपासात निघाला. त्याच दशकात अमेरिकेत पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत थिओडोर फॉन कारमान यांच्या चमूने विंड टनेलमध्ये चाचण्या घेतल्या. पंख आणि धडाचा कोपरा गोलाईने भरला, की शेपटीचे हादरे कमी होतात, हे त्यातून दिसले. फ्रेंच भाषेत या आवरणाला आजही ‘कारमान’च म्हणतात. थोडक्यात, हा भाग शोभेसाठी नव्हे, तर शेपटी वाचवण्यासाठी आला.

बदलताना काय पाहायचे?

पहिला नियम : जुने आवरण फेकू नये. छिद्रांच्या जागा आणि वळण यांचा तोच नमुना असतो. पत्र्याच्या कडेपासून छिद्राचे अंतर छिद्राच्या व्यासाच्या किमान दुप्पट ठेवावे, असा कारागिरांचा साधा हिशेब आहे. ते कमी पडले, तर कंपनांनी तिथूनच तडा जातो. फायबरग्लासचा स्क्रू जास्त आवळला, तरी छिद्राभोवती तडे पडतात. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये ओल साचली, की पत्रा गंजू लागतो. आवरणाची कड पंखाच्या पत्र्यावर घासू नये म्हणून मध्ये रबरी पट्टी हवी. फ्लॅप पूर्ण खाली-वर होताना आवरणाला कुठेही अडता कामा नये.

याहून महत्त्वाचे आहे ते आवरणाच्या आत. अनेक हलक्या विमानांत इंधनाची टाकी पंखातच असते. तिची नळी, वेग मोजणाऱ्या यंत्राची नळी, दिव्यांच्या तारा आणि काही रचनांत पंख धडाला जोडणारे बोल्टही या आवरणाआड दडलेले असतात. आवरण निघाल्यावर नळीच्या जोडाशी इंधनाचा डाग दिसतो का, तारेचे वेष्टन घासले आहे का, बोल्टपाशी गंज आहे का, हे पाहण्याची संधी मिळते. ती न साधता नवे आवरण बसवणे म्हणजे भिंतीची ओल न शोधता वरून रंग देणे. आपल्याकडे चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात रबर कडक होते आणि लगेच पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी शिरते. त्यामुळे मराठवाड्यात हे आवरण पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून पाहिलेच पाहिजे.

काम संपल्यावर पहिल्या उड्डाणात, पुरेशा उंचीवर, वेग हळूहळू कमी करत विमान कसे वागते ते पाहावे. आवरणाभोवती लोकरीचे छोटे धागे चिकटवले, तर हवा कुठे सुटते ते दिसते. ही पद्धत स्वस्त आहे आणि जुनी-जाणती आहे.

महाराष्ट्रात अशी विमाने बनतात का?

बनली आहेत. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नोंदणी प्रमाणपत्र मिळाले ते नोव्हेंबर 2017 मध्ये. म्हणजे ज्या विमानाचे देशभर कौतुक झाले, त्यालाही त्यानंतर नोंदणीसाठी पावणेदोन वर्षे लागली. हौशी बांधणाऱ्याला कौतुक लवकर मिळते, कागद उशिरा.

छत्रपती संभाजीनगरला यात काय?

वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याभोवती सुट्या भागांचे वर्कशॉप उभे राहिले. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात डाय बनवणारे, पत्रा वळवणारे, साचे घडवणारे हात आहेत. पंखामुळाचे आवरण बनवणे या हातांच्या आवाक्याबाहेरचे नाही. कोणता माल कोणत्या बॅचचा, याची नोंद ठेवण्याची सवयही वाहन उद्योगाने लावली आहे. विमानाच्या कामाला तीच शिस्त आणखी काटेकोरपणे लागते : पत्रा कोणत्या मिश्रधातूचा, जाडी किती, जुन्या-नव्या आवरणाचे वजन किती, काम कोणी केले, कोणी पाहिले. कौशल्य इथे आहे. हवी आहे ती वाट.

आक्षेप काय आणि उत्तर काय?

घरगुती विमान कोसळले, तर खाली राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणून प्रत्येक स्क्रूसाठी वरून परवानगी मागायला लावली, तर माणूस दुरुस्ती टाळतो किंवा लपवतो. लपवलेली दुरुस्ती ही उघड दुरुस्तीपेक्षा कधीही घातक.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौसेने स्वतः झालेले असेल, तर ते विमान हौशी बांधणीचे ठरते. मुख्य बांधणाऱ्याला त्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा अधिकार देणारे प्रमाणपत्र मिळू शकते. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक अशा कामावर नजर ठेवतात. दोन्हीकडे सूत्र एकच : ज्याने बांधले त्याच्यावर विश्वास, पण लेखी नोंदीसह.

भारतीय वायुयान अधिनियम, 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि 1934 चा कायदा मागे पडला. विमानांच्या आरेखनाचाही उल्लेख नव्या कायद्यात आहे. त्याखालच्या नियमांत हौशी बांधणाऱ्यासाठी तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : कोणती कामे त्याने स्वतः करावीत, कोणत्या कामावर परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची सही लागेल आणि नोंदवहीत काय लिहावे. पंखामुळाचे आवरण बसवण्याचे काम पहिल्या यादीत जावे. ते झाकण्यापूर्वी आतल्या इंधननळीची आणि बोल्टची पाहणी मात्र दुसऱ्या यादीत असावी. आवरण बांधणाऱ्याने बसवावे. पण ते बंद होण्याआधी आत दोघांनी डोकावलेले असावे.