जुना लॅपटॉप मोडीत काढण्याची घाई नको

दुकानातला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप आता टाकून द्यावा काय, हा प्रश्न सध्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' साठीची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर या यादीत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही ते बाद ठरते आणि विक्रेता लगेच नव्या यंत्राचे कोटेशन पुढे करतो.

आमच्या मते येथे दोन चुका होतात. पहिली, घाबरून नवे यंत्र घेण्याची. दुसरी अधिक घातक, 'चालते आहे ना, मग चालू द्या' असे म्हणण्याची. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' चा हल्ला आठवावा. फायलींना कुलूप लावून ३०० डॉलरची खंडणी मागणारा हा व्हायरस सुमारे १५० देशांत पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ज्यांनी ती बसविली नाही, ते प्रामुख्याने बळी पडले. आता तर 'विंडोज १०' ला नेहमीची दुरुस्ती मिळणेच थांबले आहे. बँकेचे व्यवहार, जीएसटीची विवरणे आणि गिऱ्हाइकांच्या उधारीचा हिशेब ज्या यंत्रात आहे, ते असे उघडे ठेवणे योग्य नव्हे. लोकांचा हिशेब ही आपल्याजवळची अमानत आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम कागद घेऊन लिहावे की कोणत्या प्रोग्रामवाचून धंदा अडतो. टॅली, कोरलड्रॉ किंवा भरतकामाच्या मशीनचे डिझाइन सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर विंडोज सोडणे परवडणारे नाही, कारण असे प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-दुरुस्तीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर केली होती. तिच्याकडे सवड म्हणून पाहावे, कायमचा तोडगा म्हणून नव्हे. त्या अवधीत नव्या यंत्रासाठी रक्कम बाजूला टाकावी.

पण पत्रे, दरपत्रके, ई-मेल आणि ब्राउझरमधून होणारे जीएसटीचे काम एवढेच असेल, तर 'लिनक्स मिंट' ची एक्सएफसीई आवृत्ती आम्ही सुचवू. ती मोफत आहे व कायदेशीर आहे. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबी असल्यास उत्तम. मराठी व उर्दू दोन्हींत टाइप करता येते. सोबतच्या लिबरऑफिसमध्ये वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतात, क्वचित मांडणी थोडी सरकते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यास यंत्राचा वेग चांगलाच वाढतो.

उतावीळपणा मात्र करू नये. मिंट पेनड्राइव्हवरून, लॅपटॉपमधले काहीही न पुसता, चालवून पाहता येते. वायफाय लागते का, प्रिंटरवर बिल छापते का, बँकेचे पान उघडते का, हे पाहावे. मगच, सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन, ती कायमची बसवावी.

'क्रॅक' केलेली विंडोज स्वस्तात बसवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यात काय दडविले आहे हे बसविणाऱ्यालाही ठाऊक नसते. यादीबाहेरच्या यंत्रात युक्तीने 'विंडोज ११' बसविता येते, परंतु पुढील दुरुस्ती मिळेलच याची हमी कंपनी देत नाही.

प्रत्येक बाजारपेठेत संगणक शिकलेले तरुण आहेत. व्यापारी संघटनांनी एखादी दुपार ठरवून त्यांना बसवावे आणि दहा-वीस दुकानांचे लॅपटॉप तपासून घ्यावेत. दुकानदारांचा नाहक खर्च वाचेल व त्या मुलांनाही कामाचा मोबदला मिळेल.